‘इथे राहाल का?’ असं विचारलं म्हणून

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंग लॉटमध्ये गाडी लावत होते. वहिनी रडत नव्हती. “उज्ज्वला, हे बागेत गेले होते. तिथेच पडले. अँब्युलन्सवाल्यांनी खूप केलं, पण...” एवढंच बोलली आणि फोन तसाच हातात धरून बसली असावी, कारण मला मागे त्यांच्या स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी वाहताना ऐकू येत होतं. इथे अमेरिकेत मी राहते त्या कॅरीहून दादाच्या गावापर्यंत जायला अर्धा दिवस मोडतो. शार्लट मागे पडलं की हायवेवरच्या पाट्या विरळ होतात, मग पाइनची झाडं, मग चर्च, आणि मग डोंगराच्या कुशीत तो कारखाना. लिथियमचा दगड फोडून, भाजून, आम्लात घोळून त्याची पांढरी भुकटी करणारा. आपल्या गाड्यांच्या बॅटऱ्यांत जाते ती. माझा मोठा भाऊ मिलिंद त्या कारखान्यापासून हाकेच्या अंतरावर राहत होता, आणि तो तिथे का राहत होता हे सांगण्यासाठीच मी हे लिहायला बसले आहे. कारण गेल्या काही आठवड्यांत त्याच्याविषयी जे काही छापून आलं आणि बोललं गेलं, ते वाचून-ऐकून मला अक्षरशः मळमळलं आहे.

मळमळायची सुरुवात फ्युनरल होममध्येच झाली. आम्ही पोचलो तेव्हा आमच्या आधी तिथे एक पुष्पचक्र पोचलेलं होतं. माणसाच्या उंचीचं, पांढऱ्या लिलींचं. त्यावरच्या कार्डावर कारखान्याचं बोधचिन्ह आणि खाली मजकूर, ‘आमच्या प्रिय शेजाऱ्यास.’ याच कंपनीने दादाला कामावरून काढलं होतं, त्याच्या ईमेलना उत्तर देणं बंद केलं होतं आणि गावच्या पेपरात त्याला ‘असंतुष्ट माजी सल्लागार’ म्हटलं होतं. मी तिथल्या माणसाला म्हटलं, हे बाहेर ठेवा. तो गोंधळला. वहिनी म्हणाली, “राहू दे उज्ज्वला. आज यांच्यासमोर भांडण नको.” मग कॅरीहून आलेल्या आमच्या मंडळींनी त्रिशरण-पंचशील म्हटलं, दादाच्या फोटोला पांढरी फुलं वाहिली, आणि प्रत्येक फोटोत मागे ते पुष्पचक्र आलं.

आमचं लहानपण भंडारा जिल्ह्यात मँगनीजच्या खाणीजवळ गेलं. बाबा तिथे क्रशरवर होते. साहेबांचे बंगले टेकडीच्या पलीकडे होते. आमच्या लोकांच्या क्वार्टर्सची रांग अलीकडे, जिकडे वारा यायचा तिकडे. दोरीवर वाळत घातलेलं पांढरं कापड संध्याकाळपर्यंत तपकिरी व्हायचं. आई ते पुन्हा धुवायची, आणि त्यात तिला काही विशेष वाटायचं नाही. दादाला वाटायचं. शाळेत असताना एकदा त्याने जेवताना विचारलं होतं, “बाबा, आपण इथे राहायचं हे कोणी ठरवलं?” बाबांना हसू आवरेना. “ठरवते कोण बाप्पा? क्वार्टर भेटलं.” दादा हसला नाही. पुढे नागपूरला इंजिनिअरिंग, मग अमेरिकेत पीएचडी, मग पश्चिमेकडच्या राज्यांत तांब्याच्या आणि सोन्याच्या खनिजांवर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांत उमेदीची सगळी वर्षं... विषय त्याने तोच निवडला. मी एकदा म्हटलंही, ज्या धुळीतून बाहेर पडलो त्याच धुळीत का गेलास? तर म्हणाला, “धूळ वाईट नाही गं. न विचारता नाकात जाते ते वाईट.”

म्हणूनच लिथियमच्या कंपनीने त्याला बोलावलं तेव्हा तो हरखला. तोवर त्याने कॅरीत घर घेतलं होतं, मुलगा रोहित नोकरीसाठी बेलव्ह्यूला गेला होता, निवृत्ती जवळ आली होती. काम काय, तर गावकऱ्यांच्या सभांमध्ये तांत्रिक सल्लागार म्हणून बसायचं आणि लोकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. मला फोन करून म्हणाला, “इथे कारखाना काढायच्या आधी लोकांना विचारतात, उज्ज्वला. खरंच विचारतात. सभा घेतात, सर्व्हे करतात, किती जणांना मान्य आहे ते बघतात.” मी औषध कंपनीत क्वालिटीचं काम करते. एखादी गोष्ट आधी ठरवून मग तिच्यासाठी सह्या कशा गोळा करतात हे मी रोज बघते. पण त्याचा आवाज इतका खूश होता की मी गप्प बसले.

त्यातल्या एका सभेला मी त्याच्यासोबत गेले होते. चर्चच्या मागचा हॉल, घडीच्या खुर्च्या, कॉफीचा मोठा थर्मास. कंपनीची जनसंपर्काची बाई पडद्यावर चित्रं दाखवत होती. हायवेवर गाडी चालवण्याचा धोका एवढा मोठा, वीज अंगावर पडण्याचा एवढा, आणि आमच्या कारखान्याचा हा एवढासा ठिपका. लोक बघत होते. मग दादा उठला आणि त्या ठिपक्याकडे न बघता बोलायला लागला. इथे गंधकाम्ल असेल. भट्टी असेल. दगडाचा उरलेला चुरा असेल, त्याचा डोंगर होईल, तो ओला आणि झाकलेला ठेवावा लागेल. यातलं काय बिघडू शकतं, बिघडलं तर वारा कुठे नेईल, हे सगळं सांगितलं. जनसंपर्कवाली बाई अस्वस्थ झाली. पण मला हॉलमध्ये उलटंच घडताना दिसत होतं. धोका आहे म्हणून सांगणाऱ्या माणसावर लोकांचा विश्वास बसत चालला होता.

तेवढ्यात पुढच्या रांगेतली एक बाई उठली. डार्लीन तिचं नाव. शाळेच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करून निवृत्त झालेली, शेजारी नवरा वेन, त्याच्या नाकाला प्राणवायूची नळी. म्हणाली, “तुम्ही चांगले बोलता. मला एकच सांगा. तुम्ही इथे राहाल का?” मंचावरची मंडळी हसली. अशा सभांत हा प्रश्न हमखास येतो आणि त्याचं गुळगुळीत उत्तर तयार असतं. दादा हसला नाही. म्हणाला, मला थोडा वेळ द्या, मला बायकोला विचारावं लागेल. लोकांना वाटलं, विनोद केला. तो खरंच पार्किंगमध्ये गेला. मी त्याच्या मागोमाग होते. फोन स्पीकरवर होता. वहिनीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “तुम्हाला स्वतःला भीती वाटते का?” दादा म्हणाला, “थोडी वाटते.” “मग जाऊ या. अजिबात वाटत नाही म्हणाला असतात तर मी नाही म्हटलं असतं.” थोडं थांबून, “इंडियन स्टोअर किती लांब आहे तिथून?”

हॉलमध्ये परत येऊन दादा म्हणाला, हो, राहू. लोकांनी टाळ्या वाजवल्या. डार्लीनने वाजवल्या नाहीत, ती नुसती त्याच्याकडे बघत राहिली. मी मात्र त्या जनसंपर्कवाल्या बाईकडे बघत होते. तिचा चेहरा असा उजळला होता की जणू तिला वर्षानुवर्षं शोधत असलेली वस्तू सापडली. तिने तिथल्या तिथे फोन काढून कुणाला तरी मेसेज केला.

दादाने कॅरीतलं घर विकलं. आमच्या लोकांत त्याची फार चर्चा झाली. दर महिन्याला एका रविवारी आम्ही वीसेक कुटुंबं कुणाच्या तरी घरी बुद्धवंदनेसाठी जमतो, नंतर पॉटलक असतो, म्हणजे प्रत्येक घरून एकेक पदार्थ येतो. तेव्हा ज्यांच्या घरी जमलो होतो त्या गृहस्थांनीच दादाला गाठलं. त्यांचं नाव लिहीत नाही. त्यांच्या वस्तीजवळ मोबाइलचा टॉवर येणार होता, तर यांनी सह्यांची मोहीम काढून, तीन-तीन सभांत भाषणं करून तो रद्द करवला होता. “मिलिंदभाऊ, डोकं फिरलं का तुमचं? अशा ठिकाणी कोण राहायला जातं?” दादा म्हणाला, “कारखाना नको का मग?” “छे छे, नको कसा? क्लायमेटसाठी पाहिजेच यार. कुठेतरी तर व्हायलाच पाहिजे.” दादा प्लेटमधला भात कालवत शांतपणे म्हणाला, “त्या ‘कुठेतरी’मध्ये कोणीतरी राहतंच ना भाऊ.” गृहस्थ दुसऱ्या टेबलाकडे गेले. बाहेर त्यांच्या ड्राइव्हवेत त्यांची नवीकोरी इलेक्ट्रिक गाडी चार्ज होत होती.

तिकडची पहिली दोनेक वर्षं चांगली गेली हे मी मान्य केलं पाहिजे. दादाने मागच्या अंगणात अंबाडी लावली, मेथी लावली. डार्लीन कुंपणावरून भेंडी द्यायची आणि वहिनी तिला त्याच भेंडीची भाजी करून परत पाठवायची. वेन आणि दादा पोर्चवर बसून बेसबॉलवर बोलायचे, ज्यातलं दादाला शेवटपर्यंत काही कळलं नाही. दादाच्या आग्रहाने कंपनीने गावच्या लायब्ररीबाहेर एक मोठा बोर्ड लावला होता. हवेत काय किती आहे त्याचे आकडे त्यावर दिवसरात्र दिसायचे. दादाला त्या बोर्डाचं फार कौतुक. मी गेले की मला मुद्दाम तिकडून फिरवून आणायचा.

आणि कंपनीने दादाला वापरायला घेतलं. ‘इथे राहायला आलेला शास्त्रज्ञ’ अशी बातमी छापून आणली. त्याच्या स्वयंपाकघरात कॅमेरा लावून व्हिडिओ केला. रंगीत माहितीपत्रकावर दादा हातात चहाचा कप घेऊन उभा, आणि मागे फडताळात वहिनीचे मसाल्याचे डबे. बिचाऱ्या वहिनीला ते छापायच्या आधी कुणी विचारलंही नव्हतं. सर्व्हेतली ‘लोकमान्यता’ वर चढली. दादाने मला तो आलेख दाखवला, जरा अभिमानाने आणि जरा ओशाळून. मी म्हटलं, “दादा, ही लोकांनी कारखान्याला दिलेली मान्यता नाही. तुला दिलेली आहे. आणि ती यांनी स्वतःच्या नावावर लावून घेतली.” तो म्हणाला, “तू फार वाईट विचार करतेस.” मी करते. माझ्या कामात तोच करायचा असतो.

मग कंपनी विकली गेली. नवे मालक दूरच्या शहरातले, त्यांना गावाचं नावही नीट उच्चारता येत नव्हतं. आधी चुऱ्याच्या डोंगरावरचं झाकण गेलं. वाऱ्याच्या दिवशी त्यावरून पांढरट पट्टा उठायचा. मग लायब्ररीबाहेरच्या बोर्डावर ‘दुरुस्ती चालू आहे’ आलं. ते पुष्कळ दिवस राहिलं. त्यानंतर बोर्ड पुन्हा सुरू झाला तेव्हा त्यावर तापमान दिसत होतं, शाळेच्या फुटबॉल संघाला शुभेच्छा दिसत होत्या, आणि थँक्सगिव्हिंगला एका हसऱ्या टर्कीचं चित्र, ‘तुमच्या शेजाऱ्यांकडून’. आकडे गेले ते गेलेच. दादाने ईमेल केले, फोन केले, प्लांटच्या गेटवर जाऊन उभा राहिला. ते त्याला आत बसवून कॉफी द्यायचे आणि काही दाखवायचे नाहीत. तरी त्याला सल्लागार म्हणून ठेवलं होतं, कारण त्याचं तिथे राहणं त्यांना हवं होतं. एवढ्या शिकलेल्या माणसाचा त्यांनी बुजगावण्यासारखा उपयोग केला. फक्त बुजगावणं पाखरांना घाबरवतं, आणि याने पाखरांना धीर द्यायचा होता.

एका संध्याकाळी, वहिनी पोळ्या लाटत असताना, हवेत आंबट, झोंबणारा वास आला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. कारखान्याचा धोक्याचा भोंगा वाजला नाही. दादा अंगणात धावला, वारा कुठे वाहतोय ते बघितलं आणि तसाच चपला घालून शाळेच्या मैदानाकडे पळत सुटला, कारण तिथे मुलांचा बेसबॉलचा सराव चालू होता आणि वारा तिकडेच जात होता. साठी उलटलेला माणूस मैदानात शिरून ओरडत होता, इकडून नको, तिकडच्या फाटकातून बाहेर पडा... प्रशिक्षकाला आधी वाटलं, हा कोण वेडा. मुलं खोकायला लागली तेव्हा त्याला पटलं. त्या रात्री वेनला दवाखान्यात न्यावं लागलं. दुसऱ्या दिवशी कंपनीचं निवेदन आलं की एका झडपेतून अल्प गळती झाली, कारखान्याच्या हद्दीबाहेर कोणताही लक्षणीय परिणाम नाही. हद्दीबाहेर! जणू धूर कुंपणाजवळ येऊन थांबतो आणि मागे वळतो.

त्यानंतरच्या सभेला चर्चचा हॉल खचाखच भरला होता. जनसंपर्कवाली बाई तेच निवेदन वाचत होती. डार्लीन उठली, पण ती कंपनीच्या लोकांकडे वळलीच नाही. ती दादाकडे वळली. “तुम्ही सांगितलंत म्हणून आम्ही गप्प बसलो. आता सांगा.” दादा उभा राहिला. वहिनी सांगते, तो कंपनीच्या मंडळींकडे पाठ करून लोकांकडे वळला. तो म्हणाला, “मला आता माहीत नाही. हे लोक मला काही दाखवत नाहीत. इथून पुढे माझ्या शब्दावर विसंबू नका.” एवढं बोलून तो खाली बसला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्याच आठवड्यात कंपनीने त्याचं काम संपवल्याचं कळवलं.

पण खरी किळस यायला अजून वेळ होता. काही महिन्यांनी नवा सर्व्हे आला. निष्कर्ष काय, तर घटनेनंतरही प्रकल्पाची लोकमान्यता स्थिर आहे. मी तो अहवाल माझ्या कामाच्या सवयीने पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला. ज्यांना शक्य होतं ते गाव सोडून गेले होते. त्यांना विचारायला कोणी गेलं नव्हतं. जे राहिले त्यांची घरं कोणी घेत नव्हतं, मुलं तिथल्याच शाळेत होती, निम्म्यांची पोरं त्याच कारखान्यात कामाला होती. ते बिचारे प्रश्न विचारणाऱ्या पाहुण्याला दारात उभं राहून काय सांगणार? ‘चाललंय, ठीक आहे.’ तर ते ‘ठीक आहे’ यांनी गोळा केलं, त्याला रंग दिला, त्याचा आलेख काढला आणि त्याला मान्यता म्हटलं. आमच्या बाबांना कुणी विचारलंच नव्हतं. निदान त्यांच्या गप्प बसण्याला कुणी होकार तरी म्हटलं नाही.

मी दादाला परत कॅरीला यायला सांगून थकले. “काहून येऊ?” तो म्हणायचा. रागावला किंवा थकला की त्याची भाषा थेट भंडाऱ्याला जायची. “मी राहीन म्हणून सांगितलं तेव्हा कंपनीला नाही सांगितलं. त्या बाईला सांगितलं.” ती बाई मात्र त्याच्याशी बोलत नव्हती. सकाळी तो बागेत असताना डार्लीन पेपर घ्यायला बाहेर यायची. हा हात वर करायचा, ती बघायची आणि आत जायची. एकदा तिची गाडी सुरू होईना आणि वेनला फुप्फुसाच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. दादा काही न बोलता आपली गाडी तिच्या दारात घेऊन गेला. वेन पुढे बसला, डार्लीन मागे. जाताना-येताना ती एक शब्द बोलली नाही. दादाने हे मला फोनवर हसत हसत सांगितलं. मग हसणं थांबलं.

त्याचं हृदय बंद पडलं, त्याचा आणि कारखान्याचा संबंध मी जोडणार नाही. डॉक्टरांनी जोडलेला नाही, आणि पुराव्याशिवाय जोडलेला त्याला चालला नसता. पण फ्युनरल होममध्ये कॉफी घ्यायला रांगेत उभी असताना माझ्या पुढे तेच टॉवरवाले गृहस्थ कुणाला तरी सांगत होते, “तिथे जायलाच नको होतं त्याने. सेल्फ-इन्फ्लिक्टेड आहे हे.” मी रांग सोडून बाहेर गेले. बाहेर रोहित एकटा उभा होता. मला म्हणाला, “आत्या, व्हाय डिड ही हॅव टु बी द वन?” मी म्हटलं, तुझ्या बाबाला प्रश्न विचारला गेला होता रे. बाकीच्यांना तो विचारला जात नाही, म्हणून ते शहाणे दिसतात. त्याला किती कळलं कोण जाणे.

डार्लीन आली होती. वेनला खुर्चीत बसवून सगळ्यात मागच्या रांगेत बसली होती. सगळे गेल्यावर ती वहिनीसमोर येऊन उभी राहिली. “माझा त्याच्यावरचा राग गेलेला नाही,” म्हणाली. “तुला खोटं सांगणार नाही.” वहिनीने तिला जवळ घेतलं. त्या दिवसभरात आलेल्या सगळ्या सांत्वनांत वहिनीला रडू फुटलं ते एवढ्याच एका वाक्याला.

त्यानंतर काही आठवड्यांनी काउंटीसमोर, म्हणजे जिल्ह्याच्या कारभाऱ्यांसमोर, सुनावणी होती. कंपनीला दुसरी भट्टी उभारायची आहे. वहिनी म्हणाली, मला जायचं आहे, तू ये. आम्ही मधल्या रांगेत बसलो. नेहमीची चित्रं झाली, ठिपका झाला, आणि मग दिवे मंद झाले आणि पडद्यावर दादा आला. त्याच्या स्वयंपाकघरात, हातात कप, तो जुना व्हिडिओ. “मी इथे राहतो. माझी बायको इथे राहते. आम्ही इथलं पाणी पितो, इथल्या हवेत श्वास घेतो.” खाली अक्षरं आली, दिवंगत शेजाऱ्यास आदरांजली. जनसंपर्कवाल्या बाईने, तीच ती, मान खाली घालून क्षणभर स्तब्धता पाळली. मी वहिनीचा हात धरायला गेले, तर ती उठून उभी राहिली होती. तिचं इंग्रजी साधं आहे, सभेत ती कधी बोलली नव्हती. “यापुढे अजून एक वाक्य आहे,” ती म्हणाली. “तुम्ही कापलंत. मी कॅमेऱ्याच्या मागेच उभी होते, चहा मी केला होता. ते पुढे म्हणाले होते, ज्या दिवशी हे तुम्हाला आकडे दाखवायचं थांबवतील, त्या दिवसापासून माझ्यावरही विश्वास ठेवू नका. ते लावा.” बाई म्हणाली, आमच्याकडे एवढाच भाग उपलब्ध आहे, तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. “माझ्या नवऱ्याला खाली उतरवा,” वहिनी म्हणाली. पडदा विझेपर्यंत ती बसली नाही.

दुसऱ्या भट्टीला मंजुरी मिळाली. अटींसह, असं पेपरात आलं. वर असंही आलं की कंपनी गावात माहिती केंद्र बांधणार आहे आणि त्याला दादाचं नाव द्यायची तिची इच्छा आहे. वहिनीने नकार कळवला. त्यावर त्यांचं उत्तर आलं की कुटुंबाच्या भावनांचा आम्ही आदर करतो, दरवाजा कायम खुला आहे.

मागच्या रविवारी मी तिच्याकडे होते. दुपारची जेवणं झाली होती आणि भोंगा वाजायला लागला. मी घाबरून उभी राहिले. वहिनीने चहाखालचा गॅस बंद केला, माझा दंड धरला आणि मला मागच्या खोलीत नेलं. त्या खोलीत मी कधी गेले नव्हते. मला वाटायचं, अडगळीची असेल. गळतीनंतर दादाने ती तयार केली होती. खिडकीच्या चारही कडांना रुंद चिकटपट्टी, थोडी वाकडी, कारण त्याला असली कामं कधीच सरळ जमली नाहीत. दाराखाली सारायला गुंडाळलेली चादर, पाण्याचे कॅन, बॅटरीवरचा रेडिओ, आणि भिंतीलगत खुर्च्या. दोघांच्या घरात इतक्या खुर्च्या कशाला, हे मी विचारणार तोच मागचं दार उघडल्याचा आवाज आला. डार्लीन वेनला धरून, त्याची प्राणवायूची टाकी ओढत, न विचारता आत आली. दोघं बसली. वहिनीने दार लावून चादर सारली. मग कळलं की दादा असताना डार्लीनने या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. त्याने तिच्या दारात उभं राहून, बंद जाळीतून, खोली कुठे आहे आणि मागचं दार कायम उघडं असेल एवढं सांगून ठेवलं होतं.

आम्ही चौघं बसून राहिलो. वेनच्या नळीचा फुस्स-फुस्स आवाज तेवढा येत होता. डार्लीन खिडकीकडे बघत होती. “ही पट्टी त्याने किती वाकडी लावली आहे,” ती म्हणाली. वहिनी म्हणाली, “मी तेव्हाच सांगितलं होतं.” बऱ्याच वेळाने भोंगा थांबला आणि आमचे सगळ्यांचे फोन एकदम वाजले. कंपनीचा मेसेज होता. डार्लीनने चष्मा लावून तो मोठ्याने वाचला. आता सर्व काही सुरक्षित आहे, तुमचा संयम आणि सातत्याने दाखवलेला विश्वास याबद्दल आभार. मग तिने एक सणसणीत शिवी हासडली. वहिनीने मराठीत तिची बरोबरी केली, आणि अर्थ न कळताही डार्लीनने मान डोलावली. मेसेज येऊन गेला होता, सगळं सुरक्षित होतं. पण आमच्यापैकी कुणीही उठलं नाही.